झाकण

भाची एम.ए. मराठीला आहे आणि मी बँकेत कर्जविभागात. कॉलेजात असताना माझ्या चार ओळी वार्षिकात छापून आल्या होत्या, हे बहिणीनं तिला सांगितलं असणार. नाहीतर ऐन रविवारी, माझी वामकुक्षी गाठून ती आली नसती.

"मामा, मर्ढेकरांची कविता, 'पिपांत मेले ओल्या उंदिर'. 'कवितेतील आसक्तीचे स्वरूप स्पष्ट करा.' दहा मार्क. उद्या द्यायचंय."

मी पडल्यापडल्याच ठणकावलं, "'कांही कविता' संग्रह, 1947. अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून सुटले."

"ते प्रस्तावनेत लिहिलंय मी."

माझं भांडवल तिथेच आटोपलं. उठून चष्मा लावला. कर्जाचं प्रकरण समोर आलं की मी आधी तारण बघतो, तशी आसक्ती शोधली. चौथ्याच ओळीत सापडली: 'माना पडल्या, आसक्तीविण'. म्हणजे नव्हतीच! खात्यात शिल्लक शून्य, आणि तिचं स्वरूप स्पष्ट करायचं दहा मार्कांचं.

"पण मामा, त्याच्या आधी 'ओठांवरती ओठ मिळाले' आहे."

भाची असं काही बोलली की माणसानं पंख्याकडे बघावं. मी बघितलं.

"ते मेल्यावर एकमेकांवर पडलेत गं. सकाळच्या लोकलमध्ये माझा गाल रोज कुणाच्या तरी खांद्यावर असतो. त्यात आसक्ती नसते."

मेथी निवडता निवडता आईनं विचारलं, "उंदीर पिंपात पडलेच कसे? झाकण नव्हतं?"

"आई, ते प्रतीक आहे."

"असेल. पाणी ओतून टाकलं ना नंतर?"

आम्ही पुढे सरकलो ते 'बेकलायटी'वर अडलो. ओठांवर मधाळ पोळं जमतं, पण तेही बेकलायटी. इथे मात्र मला स्फुरण चढलं. तिला माळ्याच्या जिन्याशी नेलं. तिथे आजोबांच्या वेळचा गोल खटका अजून आहे. कडेला तीन रंगकामांचे ओघळ, मधोमध काळपट तपकिरी गुळगुळीत घुमट.

"हे बेकलाइट. बेकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं 1907 साली शोधलं. एकदा साच्यात घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही."

तिनं बोट फिरवलं. खिडकीतल्या उन्हात तो खटका खरोखर मधासारखा चमकत होता.

"तापवलं तरी?"

"जळेल. वितळणार नाही."

ती गप्प झाली. मीही. ओठांवर मध आलाय आणि तो असा, खटक्यासारखा. भर दुपारी अंगावर काटा आला. मर्ढेकर दहा मार्कांत मावणारा माणूस नव्हे. शांतता सोसेना म्हणून मी घसा खाकरला, "आणि बघ, त्याआधी 'जगायची पण सक्ती आहे' म्हणतो. आसक्तीतला 'आ' गेला की..."

"उरते सक्ती. ते लिहिलंय मी दुसऱ्या पानावर."

"मग माझ्याकडे कशाला आलीस?"

"आई म्हणाली, विचार त्याला, बरं वाटेल."

पंधरा दिवसांनी मार्क कळले. दहापैकी सहा. आजीचं मन राखायला तिनं शेवटी एक परिच्छेद झाकणावर घातला होता. त्याच्या शेजारी लाल शाईत शेरा: 'झाकणाचा संदर्भ कवितेत आढळत नाही.'

आईला वाचून दाखवला. मेथीची जुडी सोडत ती म्हणाली, "बाईंकडे नळाला चोवीस तास पाणी असणार."