रक्त पिणारी वटवाघळं मारून रेबीज संपतो का?

सध्या एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. वर एका भेसूर वटवाघळाचा फोटो आणि खाली साधारण असं: दक्षिण अमेरिकेत रक्त पिणारी वटवाघळं गुरांचं रक्त पिऊन त्यांना मारतात आणि रेबीज पसरवतात. तिकडचे पर्यावरणवाले मात्र त्यांनाच वाचवायला निघालेत. गुहांना सुरुंग लावा, विष घाला, ही जात संपली की रोग संपला. आणि उद्या हेच संकट आपल्या गोठ्यात येणार आहे.

लिहिणाऱ्याचा राग खोटा नाही. ज्याची गाय दावणीला लुळी पडून मरते त्याने वटवाघळावर प्रेम करावं असं मीही म्हणणार नाही. पण 'मारलं की रोग संपला' हा काही नवा उपाय नव्हे. तो पन्नासहून जास्त वर्षं राबवला गेलाय आणि त्याचा निकाल आपल्यासमोर आहे.

'गुरांचं रक्त पिऊन त्यांना मारतात'

केवळ रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत आणि तिन्ही मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या पट्ट्यातल्या. त्यांतल्या दोघींचा भर पक्ष्यांच्या रक्तावर. गुरांच्या मागे असते ती एकच, डेस्मोडस रोटंडस. वजन तीस-पस्तीस ग्रॅम.

हे वटवाघूळ सिनेमातल्यासारखं मानेवर झडप घालत नाही. बरेचदा ते जनावराच्या आसपास जमिनीवर उतरतं आणि पंख मिटून, अंगठे टेकत, चालत जवळ येतं. गरज पडली तर चक्क पळतं. 2005 मध्ये संशोधकांनी त्याला ट्रेडमिलवर पळवून पाहिलं होतं. त्याच्या नाकाजवळच्या खळग्यांना उष्णता जाणवते, त्यामुळे कातडीखाली रक्त कुठे जवळ आहे ते त्याला कळतं. मग दातांनी तिथले केस कातरायचे आणि पुढच्या धारदार दातांनी काही मिलिमीटरचा टवका काढायचा. ते रक्त शोषत नाही, चाटतं. लाळेमुळे रक्त गोठत नाही आणि जखम वाहत राहते. एका बैठकीत साधारण वीस ग्रॅम रक्त पोटात जातं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. एवढं ओझं घेऊन उडता येत नाही, म्हणून पिता पिताच लघवी सुरू होते.

चारशे किलोच्या गाईच्या अंगात वीस लिटरहून जास्त रक्त असतं. त्यातले वीस ग्रॅम गेल्याने गाय मरत नाही. त्रास होतोच. त्याच गाईला रोज रात्री चार-पाच जणांनी गाठलं तर ती खंगते, जखमेवर माश्या बसतात, अळ्या पडतात. पण तिचा जीव जातो तो रेबीजने. मेक्सिकोत या आजाराला 'देरिएंगे' म्हणतात. जनावर पिसाळून अंगावर येत नाही, त्याचे मागचे पाय लुळे पडतात, ते बसतं ते पुन्हा उठत नाही.

त्रिनिदादमध्ये 1920 च्या दशकात असं झालं तेव्हा गुरांना अन्नातून विषबाधा झाल्याचा आणि माणसांना पोलिओ झाल्याचा समज होता. जोसेफ लेनॉक्स पावान या तिथल्याच डॉक्टरने हा रेबीज आहे आणि तो वटवाघळांतून येतोय हे 1930 च्या सुमारास दाखवून दिलं. धोका खरा आहे, त्यावर वाद नाही.

'गुहाच उडवल्या की काम झालं'

हे झालेलं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात ब्राझील आणि व्हेनेझुएलात गुहांना सुरुंग लावले, विषारी वायू सोडले, आगी लावल्या. लॅटिन अमेरिकेत वटवाघळांच्या शेकडो जाती आहेत. त्यांतल्या कितीतरी फळं, मध किंवा किडे खाऊन जगतात आणि गुहांमध्ये वस्तीला असतात. सुरुंगाला त्यांच्यातला फरक कळत नाही. मेक्सिकोत रोद्रिगो मेदेयिन यांच्यासारख्या संशोधकांची कितीतरी वर्षं हेच समजावण्यात गेली की गुहेतलं प्रत्येक वटवाघूळ रक्त पिणारं नसतं. टकीला ही मेक्सिकन दारू ज्या अगावेपासून, म्हणजे घायपातासारख्या झाडापासून, बनते त्याच्या फुलांचं परागीभवन करणारं लांब नाकाचं वटवाघूळही या द्वेषाच्या तडाख्यात सापडलं होतं. संरक्षण मिळाल्यावर त्याची संख्या सावरली आणि 2018 मध्ये अमेरिकेने त्याला संकटग्रस्तांच्या यादीतून काढलं.

आणि डेस्मोडस? ते पडक्या घरात, विहिरीत, बोगद्यात, झाडाच्या ढोलीतही राहतं. गुहा गेली तर त्याचं फारसं अडत नाही.

'वटवाघळं कमी, तर रेबीज कमी'

सगळा मजकूर या एका ओळीवर उभा आहे आणि ती पटण्यासारखीही आहे. रोग पसरवणारे निम्म्यावर आणले तर रोग निम्म्यावर यावा, असं कोणालाही वाटेल.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सुरुंगापेक्षा नेमकी पद्धत निघाली. रात्री गोठ्याभोवती बारीक जाळी लावायची, गुरांकडे येणारी वटवाघळं पकडायची आणि त्यांच्या पाठीवर रक्त गोठू न देणाऱ्या विषाचा मलम फासून त्यांना सोडून द्यायचं. आपल्याकडे उंदरांसाठी जे विष मिळतं त्याच घराण्यातलं हे औषध. वटवाघूळ वस्तीवर परततं, बाकीची त्याचं अंग चाटून साफ करतात आणि एका वटवाघळामागे कित्येक मरतात. ही वटवाघळं एकमेकांना फार धरून असतात. दोन-तीन रात्री रक्त मिळालं नाही तर त्यांचा जीव जातो, म्हणून पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला आपल्या पोटातलं रक्त ओकून भरवतं. जेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टा रिकात हे पाहून 1984 मध्ये प्रसिद्ध केलं. विष पसरतं ते याच जवळिकीतून.

वटवाघळं मारण्यापुरती ही पद्धत उत्तम चालते. रेबीजवर चालते का, हा वेगळा प्रश्न. डॅनियल स्ट्रायकर आणि त्यांच्या पेरूतल्या सहकाऱ्यांनी तिथल्या वसाहतींमधून काही वर्षं रक्ताचे नमुने घेतले. 2012 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात दोन गोष्टी निघाल्या. मोठ्या वसाहतीत रेबीज जास्त आणि लहान वसाहतीत कमी, असं काही दिसलं नाही. आणि विष घालून रेबीजशी येणारा संबंध घटला नव्हता, उलट अधूनमधून विष घातलेल्या वसाहतींत तो वाढल्याचीच शंका होती.

असं का व्हावं? विषाणूची गाठ पडलेलं प्रत्येक वटवाघूळ मरत नाही. बरीच वाचतात आणि त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी द्रव्यं, सापडतात. मलमाने अशी तगून गेलेली मोठी वटवाघळंही मरतात आणि जागा रिकामी होते. त्या जागी ज्यांची विषाणूशी कधी गाठ पडलेली नाही अशी पिल्लं आणि बाहेरून आलेली नवी मंडळी येतात. शिवाय रेबीज एका वसाहतीत कायम ठाण मांडून बसत नाही. तो एका वसाहतीतून दुसरीत फिरत टिकतो. उरलेली वटवाघळं विस्कटून इकडेतिकडे गेली की त्याला वाहनच मिळतं.

ही नुसती शंका राहिली असती. पण पेरूच्या एका भागात रेबीजने कहर केला तेव्हा दोन वर्षं मोठ्या प्रमाणावर विष घातलं गेलं आणि त्याचा हिशेब 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. वटवाघळं खरंच घटली होती. गुरांना होणारा रेबीज मात्र घटला नव्हता. विषाणूच्या जनुकांवरून त्याचा प्रवास काढल्यावर दिसलं की रोग पोहोचण्याआधी मारलं तर त्याची वाटचाल मंदावते आणि रोग आल्यावर मारलं तर तो आणखी वेगाने पसरतो.

यातली पहिली बाजू मी झाकून ठेवणार नाही. आधीच मारल्याचा थोडा उपयोग दिसला आहे. पण कोणत्या खोऱ्यात रोग पुढच्या वर्षी येणार हे कळून तिथे आधी पोहोचणारी यंत्रणा फारशी कुठे नसते. गाय मेल्यावर फोन होतो, मग जाळी घेऊन माणसं येतात. म्हणजे जे उलट अंगावर येतं, नेमकं तेच सर्रास केलं जातं.

'पर्यावरणवाले त्यांना वाचवायला निघालेत'

डेस्मोडस संकटात नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ते सर्वात कमी काळजीच्या गटात आहे. ते इतकं माजलं ते आपल्याच कृपेने: स्पॅनिश-पोर्तुगीज लोकांनी गायी, घोडे, डुकरं आणली, जंगल तोडून कुरणं केली आणि टापिर आणि रानडुकरासारख्या प्राण्यांच्या शोधात रात्र घालवणाऱ्या वटवाघळाला कुंपणात बांधलेलं ताट मिळालं.

त्याच्या बाजूने बोलणारेही कधीकधी हवेत जातात. त्याच्या लाळेतून पक्षाघातावरचं औषध निघालं, असं उत्साहाने सांगितलं जातं. लाळेतल्या द्रव्यावरून डेस्मोटेप्लेज नावाचं औषध बनवलं गेलं हे खरं, पण मोठ्या चाचण्यांत त्याचा ठोस फायदा दिसला नाही. वटवाघूळ वाचवायला अशा कुबड्या लागत असतील तर बाजू लंगडीच म्हणायची. एखाद्या शेतकऱ्याने आपल्या गोठ्यावर तुटून पडणारी वटवाघळं नियमात राहून कमी केली, जखमा आणि अळ्या टळाव्यात म्हणून, तर माझी हरकत नाही. फक्त त्याला रेबीज निर्मूलन म्हणू नये.

'उंदरांसारखी वाढतात'

नाही. एका वेळी एकच पिल्लू, तेही सुमारे सात महिने पोटात वाढवून.

'उद्या आपल्याकडे येतील'

भारतात रक्त पिणारं एकही वटवाघूळ नाही. आपल्या लेण्यांत, किल्ल्यांवर, पडक्या वाड्यांत मोठ्या कानांचं जे वटवाघूळ दिसतं ते इंग्रजी नावात व्हॅम्पायर लागल्यामुळे बदनाम झालंय. ते किडे, बेडूक, उंदीर, छोटे पक्षी मारून खातं. मांसाहारी आहे, पण कोणाचं रक्त पीत नाही. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूची प्रतिपिंडं सापडल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने सांगितलं तेव्हाही गुहा बंद करा, जाळा अशा सूचना ऐकू आल्या होत्या. आणि रेबीजचंच म्हणाल तर आपल्याकडे तो माणसांना जवळपास सगळा कुत्र्यांकडून होतो. वटवाघळाचा फोटो पाठवण्याऐवजी गावच्या आरोग्य केंद्रात लस आहे का एवढं विचारलं तर जास्त उपयोग होईल.

मग तिकडे करायचं काय?

गुरांना लस. ती आहे, चालते, आणि दरवर्षी टोचावी लागते. अडचण पैशाची आणि अंतराची. डोंगरातल्या ज्या शेतकऱ्याकडे चार गायी आहेत त्याला शेजारची गाय मेल्याशिवाय लस घ्यावीशी वाटत नाही, आणि मेलेल्या गाईचा नमुना प्रयोगशाळेत न्यायला दिवस मोडतो. म्हणून कितीतरी मृत्यू नोंदलेच जात नाहीत.

वटवाघळांनाच लस देण्याचाही विचार चालू आहे. पाठीवर विषाऐवजी लसीचा जेल फासायचा, बाकीचं काम चाटाचाटीवर सोडायचं. चमकणारा रंग घातलेला जेल वापरून तो वसाहतीत पसरतो का, हे पेरूत तपासून झालंय आणि तो पसरतो. लसीसकट मोठ्या प्रमाणावर उतरवणं अजून बाकी आहे.

माणसांचा प्रश्न सगळ्यात बिकट आहे तो ॲमेझॉनच्या खोऱ्यात. उत्तर पेरूतल्या आवाहून लोकांच्या वस्त्यांत 2010 मध्ये मुलं दगावली. घरांना पुऱ्या भिंती नाहीत, रात्री दिवा नाही, आणि चावा इतका बारीक की झोप मोडत नाही. अशा ठिकाणी चावल्यावर लस शोधायला निघण्यात अर्थ नसतो. त्यामुळे पेरूने 2011 पासून तिथे चावा होण्याआधीच सरसकट लस टोचायला सुरुवात केली. ती लस थंड ठेवत होडीने नदीवरून न्यावी लागते, अशा गावांपर्यंत जिथे फ्रिज चालवायला वीज नाही.