माती सुपीक आहे हो, पण मुलांनी त्यात खेळावं का?

एक अहवाल फिरत फिरत आज माझ्यापर्यंत आलाय. एका सार्वजनिक उद्यानाच्या मातीचा, एकच पान. वर शिक्का, खाली सही, मध्ये सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि शेवटी जस्त, तांबं, लोह, मंगल (म्हणजे मँगनीज). शेरा : 'माती उत्तम'. सोबतचा मेसेज असा, की मातीत विषारी धातू आहेत म्हणून लोक उगाच घाबरवत होते, आता मुलांना बिनधास्त खेळू द्या.

अहो, हा अहवाल गुलाबांसाठी आहे!

त्या पानावर शिसं नाही. म्हणजे मातीत नाही असं नव्हे, कुणी मोजलेलंच नाही. आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम, पारा, कुणाचाच पत्ता नाही. डोळे तपासून हृदय ठणठणीत असल्याचा दाखला द्यावा, तसला हा प्रकार. बरं, जस्त-तांब्याचे जे आकडे आहेत ते डीटीपीए नावाच्या रसायनाचं द्रावण वापरून काढलेले. त्या द्रावणात मातीतला साधारण तेवढाच धातू उतरतो, जेवढा झाडाच्या मुळांना उचलता येईल. एकूण धातू हवा असेल तर माती नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून तो विरघळवावा लागतो आणि ते द्रावण आयसीपी या धातू मोजणाऱ्या यंत्रावर मोजावं लागतं. मूल मातीतलं मुळांनी घेत नाही, तोंडाने घेतं, आणि त्याच्या पोटात आम्लच असतं.

शेतीच्या प्रयोगशाळेची यात काही चूक नाही, हे मान्य. त्यांना जे विचारलं त्याचं त्यांनी चोख उत्तर दिलं. प्रश्नच चुकीचा गेला होता.

'बागेत कुठून येणार शिसं, तिथे काय कारखाना आहे?' ही शंका त्याच मेसेजखाली आहे. पेट्रोलमध्ये शिसं घालायला १९२० च्या दशकात सुरुवात झाली आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश, अल्जीरिया, थांबला २०२१ मध्ये. एवढ्या वर्षांत धुराड्यातून जे बाहेर पडलं ते कुजत नाही, उडून जात नाही, पावसाने सहजी खालीही झिरपत नाही. सेंद्रिय पदार्थ, चिकणमाती आणि लोह-मँगनीजची ऑक्साइड्स यांना चिकटून ते वरच्या काही सेंटिमीटरमध्येच बसून राहतं. रस्त्यालगतच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त, आत जावं तसं कमी. दुसरा स्रोत म्हणजे जुना तैलरंग. कठडे, फाटकं, लोखंडी बाकं, शेजारच्या जुन्या इमारतीची भिंत. रंग खरवडला की पापुद्रे खाली पडतात, वर नवा रंग चकाकतो आणि खालची माती कुणी बघत नाही. तिसरा, आर्सेनिक-क्रोमियम-तांब्याच्या मिश्रणाने टिकाऊ केलेलं लाकूड. खेळणी, पायऱ्या, वाफ्यांच्या कडा, सगळीकडे ते वापरलं गेलं आणि पावसात त्यातलं आर्सेनिक खालच्या मातीत उतरलं. नॉर्वेने सरकारी योजना आखून बालवाड्यांची आणि खेळाच्या मैदानांची माती तपासली, तेव्हा आर्सेनिकच्या बाबतीत हेच लाकूड मोठं कारण निघालं. ब्रेकमधून तांबं, टायरमधून जस्त आणि काही फॉस्फेट खतांतून कॅडमियम येतं, ते वेगळंच.

आणि भराव! खड्डा बुजवायला राडारोडा, राख, कुठली तरी उपसलेली माती, वर चार बोटं लाल माती आणि त्यावर हिरवळ. दिसायला सुंदर. अशा जागी आकडा दर दहा पावलांवर बदलतो.

म्हणूनच त्या पानावरची 'नमुने : १' ही ओळ वाचून डोकं फिरलं. एक नमुना? कुठला? किती खोलीचा? शेतीच्या पद्धतीने १५ ते २० सेंटिमीटर खणून घेतला असणार. वरच्या दोन सेंटिमीटरमधलं शिसं खालच्या स्वच्छ मातीत मिसळलं की आकडा कितीतरी खाली येतो. मूल काय वीतभर खणून माती चाटतं का?

नीट करायचं असेल तर आधी बाग कागदावर तुकड्यांत वाटा. घसरगुंडी-झोपाळ्याची जागा एक, जुन्या भिंतीलगतचा मीटरभर पट्टा दुसरा, रस्त्याकडची बाजू तिसरी, मधलं मोकळं मैदान चौथं, भाजी लावत असतील तर ते वाफे पाचवे. या तुकड्यांची माती एकमेकांत कधीही मिसळायची नाही. भिंतीजवळचा जास्त धातूचा पट्टा मैदानाच्या मातीत मिसळून सरासरी काढली की सगळं 'ठीक' येतं. त्या अहवालातला नमुना असाच घेतला नसेल कशावरून? प्रत्येक तुकड्यात साधारण तीस ठिकाणांहून सारखीच थोडी थोडी माती घ्या, एकूण किलोभर. गवत, पालापाचोळा बाजूला सारून खेळाच्या जागी फक्त वरचे अडीच सेंटिमीटर, आणि वाफ्यात मुळांच्या खोलीपर्यंत, म्हणजे १५ ते २०. खुरपं स्टेनलेस स्टीलचं किंवा प्लास्टिकचं. गॅल्व्हनाइज्ड किंवा रंगवलेलं चालणार नाही, कारण त्याचंच जस्त आणि त्याचाच रंग नमुन्यात उतरतो. दुसऱ्या तुकड्याकडे जाण्यापूर्वी ते धुवा. निदान खेळाच्या जागेचा असा नमुना तीनदा घ्या, दर वेळी ठिकाणं थोडी सरकवून. तीन आकडे जवळपास आले तर विश्वास ठेवा. शिशाचा एक आकडा किलोला ८० मिलिग्रॅम आणि दुसरा ४०० आला, तर तिथे रंगाचे पापुद्रे किंवा भराव आहे असं समजून तुकडा आणखी बारीक वाटा.

माती सावलीत वाळवा. भट्टीत तापवली तर पारा उडून जातो. ढेकळं हाताने फोडा, खडे कुटू नका. आणि प्रयोगशाळेला लेखी कळवा, की १५० मायक्रॉनच्या चाळणीतून पडणाऱ्या भागाची तपासणी हवी. हाताला चिकटते ती बारीक मातीच, आणि धातूही बहुधा त्याच बारीक कणांत जास्त असतो. अख्खी वाळू-खड्यांसकट माती दळून मोजली की आकडा पुन्हा गोड दिसतो.

हातात धरायची एक्सआरएफ बंदूक, म्हणजे क्ष-किरणांनी धातू मोजणारं यंत्र असेल तर फारच छान. मिनिटाभरात शिशाचा आकडा देते, बागेत फिरून जास्त शिशाच्या जागा शोधायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त माती ओली असेल तर ती कमी दाखवते. शिवाय शिशाची आणि आर्सेनिकची मुख्य क्ष-किरण रेषा जवळजवळ एकाच ठिकाणी येते, १०.५ केईव्ही ऊर्जेच्या आसपास, त्यामुळे शिसं भरपूर असलं की आर्सेनिकचा आकडा बेभरवशाचा. कॅडमियमसाठी तर प्रयोगशाळाच गाठा. क्रोमियमचंही तसंच. एकूण क्रोमियममधून काही कळत नाही. तीन-संयुजी क्रोमियम बरंच निरुपद्रवी, सहा-संयुजी कर्करोगकारक, त्याची तपासणी वेगळी मागावी लागते.

अहवाल आला की एकक बघा. कोरड्या मातीचं 'मिलिग्रॅम प्रति किलो' हवं. 'मिलिग्रॅम प्रति लिटर' दिसलं तर बहुधा कुणीतरी टीसीएलपी करून दिलीय. ती कचरा भरावक्षेत्रात टाकता येईल का हे ठरवण्याची चाचणी, मुलाच्या हाताशी तिचा संबंध नाही. आणि 'आढळले नाही' असं लिहिलं असेल तर यंत्राला किमान किती आढळू शकतं, ते विचारा.

शिशाचा आकडा वाचायचा कसा? बहुतेक मातीत निसर्गतःच किलोला १० ते ५० मिलिग्रॅम असतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने घरांभोवतीच्या मातीसाठी पुढच्या तपासणीचा उंबरठा २०२४ मध्ये ४०० वरून २०० वर आणला, कॅलिफोर्निया ८० धरतं. मी खेळाच्या जागेसाठी १०० च्या वर गेलं की झाकायला लागा म्हणेन. कुणी म्हणेल अतिसावध आहे. असू दे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात आणि रक्तातली कुठलीही पातळी सुरक्षित म्हणून माहीत नाही. शरीरात लोह-कॅल्शियम कमी असेल तर आणखी शोषलं जातं.

हो, पुष्कळ मुलांसाठी घरातला जुना रंग आणि घरातली धूळ हा बागेपेक्षा मोठा धोका असतो. कबूल. आणि बाग बंद करणं हा उपाय नाही, हेही कबूल. म्हणून न मोजताच 'उत्तम' लिहायचं?

आता त्या मेसेजखालचा सगळ्यात लाडका सल्ला : 'सूर्यफूल लावा, मोहरी लावा, झाडं शोषून घेतील.' शंभर लाइक्स मिळतात याला. जरा गणित करू. एक हेक्टरवरच्या १५ सेंटिमीटर थराचं वजन सुमारे २,००० टन. शिसं ४०० वरून २०० वर आणायचं म्हणजे ४०० किलो शिसं बाहेर काढायचं. वर्षाला दहा टन सुकं पीक आलं आणि त्यात किलोला १०० मिलिग्रॅम शिसं चढलं, असं उदार मनाने धरलं, तरी निघतं एक किलो. म्हणजे ४०० वर्षं. शिसं मुळांपाशीच अडकतं, वर फारसं चढतच नाही. ते चढावं म्हणून ईडीटीए हे धातू सुटा करणारं रसायन ओतलं तर सुटं झालेलं शिसं भूजलाकडे निघतं. आणि कापलेलं पीक टाकणार कुठे, त्याच बागेच्या खतखड्यात? आर्सेनिक मात्र टेरिस व्हिटाटा हे नेचं खरोखर भरभरून उचलतं, २००१ मध्ये ते सिद्ध झालं. पण तेही वर्षानुवर्षांचं काम, आणि तोवर जागा कुंपणात ठेवायची.

दुसरा सल्ला मातीत फॉस्फेट घालण्याचा. शिशापुरता तो खरा आहे. फॉस्फेटने शिशाचं पायरोमॉर्फाइट हे खनिज बनतं, ते सहज विरघळत नाही. पण त्याच मातीत आर्सेनिक असेल तर फॉस्फेट त्याला जागेवरून ढकलून मोकळं करतं. चुन्याचंही तसंच : आम्लधर्मी मातीचा सामू साडेसहा-सातवर आणला की शिसं, कॅडमियम, जस्त शांत बसतात, आर्सेनिक उलट हलायला लागतं. आधी मोजा, मग ओता.

उपाय कंटाळवाणा आहे, म्हणून कुणाला आवडत नाही. झाकायचं. पाणी झिरपू देणारं भडक रंगाचं जिओटेक्स्टाइल, म्हणजे मातीत घालायचं कापड अंथरायचं आणि त्यावर ३० सेंटिमीटर स्वच्छ माती. प्लास्टिकचा कागद नको, पाणी साचतं. न्यू ऑर्लिन्समध्ये बालवाड्यांच्या अंगणात कापड आणि त्यावर १५ सेंटिमीटर नदीचा स्वच्छ गाळ असं केलं होतं, त्यानेही पृष्ठभागावरचं शिसं कमालीचं उतरलं. नवी माती गाडीत भरण्यापूर्वी, तिच्या मूळ जागीच तपासायची, नाहीतर एक राडारोडा झाकायला दुसरा. जुन्या झाडांखाली मात्र ३० सेंटिमीटर माती चढवू नका, मुळं गुदमरतात. तिथे आठ-दहा सेंटिमीटर लाकडाच्या ढलप्यांचा थर, बुंध्याला न टेकवता. भिंतीलगत आणि रस्त्याकडे दाट झुडपं लावा म्हणजे मुलं तिथे बसणारच नाहीत. टायरचा चुरा आच्छादन म्हणून विकायला येईल, घेऊ नका, त्यातलं जस्त पुन्हा मातीत. कठडा रंगवायचा असेल तर खाली ताडपत्री, खरवडणं ओल्याने, पापुद्रे गोळा करून बाहेर.

इथपर्यंत चिडून लिहिलं. पण या सगळ्यात माळ्यांचं नाव कुणीच घेत नाही. मूल तासभर खेळून घरी जातं, ती माणसं दिवसभर त्याच मातीत बसलेली असतात. कोरड्या दिवसात हातात पानं उडवणारा ब्लोअर देऊन आपण त्यांना उघड्या मातीवर धूळ उडवायला लावतो, आणि ती माणसं तीच धूळ श्वासात घेतात. खणण्याआधी माती ओली करू द्या, हातमोजे द्या, जेवणाआधी साबण-पाण्याची सोय करा, कामाचे कपडे आणि बूट ठेवायला जागा द्या म्हणजे धूळ त्यांच्या घरी जाणार नाही. एवढं तर अहवालाशिवायही करता येतं. मुलांच्या हातांनाही साबण आणि पाणीच लागतं. सॅनिटायझर जंतू मारतो, शिसं हातावरच राहतं.

झाकल्यावर काम संपतं असंही नाही. झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या टोकाशी माती सगळ्यात आधी झिजते. दर पावसाळ्यानंतर तिथे सळई खुपसून थर किती उरला ते मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. निम्म्यावर आला की भर घाला. नळ किंवा वायरसाठी कुणी खड्डा खणला तर कापडाखालची माती वेगळ्या ताडपत्रीवर काढून तीच खाली परत जायला हवी. हे बहुतेक ठिकाणी होत नाही, कारण खणणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. बागेच्या नकाशावर झाकलेले तुकडे लाल पेनाने दाखवा आणि तो नकाशा खड्ड्याची परवानगी देणाऱ्याच्या टेबलावर लावा.