जुन्या ऑसिलोस्कोपवरचा यूएचएफ कनेक्टर काढू नका

जुन्या टेक्ट्रॉनिक्स ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) केबल जोडायचा जाड आट्यांचा यूएचएफ कनेक्टर दिसला, की एक सल्ला हमखास मिळतो: तो सिग्नल बिघडवतो, बीएनसी हा फिरवून अडकवायचा कनेक्टर हाताशी असताना कंपनीने पैसे वाचवायला तो लावला, तेव्हा काढून बीएनसी बसवा. यातले काहीच टिकत नाही.

आधी सिग्नलचे पाहू. या यूएचएफ कनेक्टरचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) एकसारखा राहत नाही आणि काही शे मेगाहर्ट्‌झवर त्याचा त्रास होतो, हे खरे. पण १९५० च्या दशकातला ५४५ हा स्कोप ३० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा. तिथे हवेतली तरंगलांबी १० मीटर. दोन-तीन सेंटिमीटरच्या कनेक्टरने असा काय फरक पडणार? शिवाय त्याच्या टाइप के प्लग-इनचे (स्कोपच्या खाचेत बसवायच्या ॲम्प्लिफायरचे) इनपुट १ मेगओहम आणि २० पिकोफॅरडचे. ३० मेगाहर्ट्‌झला या २० पिकोफॅरडची रिॲक्टन्स (कपॅसिटन्सचा सिग्नलला होणारा विरोध) जेमतेम २६५ ओहम भरते. म्हणजे ५० ओहमच्या केबलशी मेळ इनपुटपाशीच बसत नाही. त्यासाठी टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावायचा जुळता रोध) लागतो. त्याचे खापर कनेक्टरवर कशाला? बँडविड्थ, म्हणजे स्कोप किती मेगाहर्ट्‌झपर्यंत दाखवतो ते, ॲम्प्लिफायर ठरवतो. बीएनसी लावल्याने ती वाढत नाही.

‘टेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअरांना कळतच नव्हते’ असेही वर ऐकवले जाते. याचे उत्तर त्याच स्कोपच्या खाचेत बसणारे १एस१ सॅम्पलिंग प्लग-इन (वेगवान सिग्नलचे नमुने घेऊन आलेख उभा करणारे) देते. ते १ गिगाहर्ट्‌झपर्यंतचे, इनपुट ५० ओहम, आणि कनेक्टर जनरल रेडिओ कंपनीचा ८७४. या ८७४ मध्ये नर-मादी भेदच नाही, कोणतेही दोन एकमेकांत बसतात. मला तर त्या काळातला हा सर्वांत देखणा कनेक्टर वाटतो. जिथे गरज होती तिथे टेक्ट्रॉनिक्सने दुसऱ्या कंपनीचा असूनही तोच घेतला.

राहिला कंजूषपणाचा आरोप. बीएनसीच्या पेटंटचा अर्ज १९४५ चा, मंजुरी १९५१ ची. टेक्ट्रॉनिक्सचा ५११ स्कोप १९४७ मध्येच आला. यूएचएफ कनेक्टर १९३० च्या दशकापासून वापरात होता. ग्राहकाकडच्या केबलला जुळेल तेच पॅनेलवर देणे शहाणपणाचे होते. १९६० च्या दशकात कंपनी स्वतःच बीएनसीकडे वळली.

बीएनसीची सोय मोठी आहे, जोडणी पाव फेऱ्यात होते. तीच हवी असेल तर ॲडॉप्टर फिरवून बसवा, किंवा मुळातच बीएनसी असलेले १ए१ प्लग-इन शोधा. मूळ पॅनेलला मात्र ड्रिल लावू नका.