रात्री पावणेअकराला ऑफ रद्द!

'सिस्टर, उद्याचा ऑफ कॅन्सल. मॉर्निंगला या.' रात्री पावणेअकराला, वॉर्डच्या ग्रुपवर, सगळ्यांसमोर. आणि उद्या रंगपंचमी! इव्हिनिंग शिफ्ट आठला संपली, हँडओव्हर देऊन पोरगी साडेनऊला घरी पोचली, आणि सकाळी पावणेआठला पुन्हा वॉर्डात हजर? दोनला सुटल्यावर गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, गर्दीतून ती रामबागेत घरी परतणार कशी? अहो इन्चार्जबाई, इंदूरची गेर काय काल सुरू झाली? पंचांगात तारीख वर्षभर आधी छापलेली असते, रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, लावताना दिसली नाही? 'जमेल का गं?' एवढं फोनवर विचारायला काय जातं? पाच मिनिटांत उत्तर आलं नाही तर वर आणखी, 'मेसेज बघून रिप्लाय का नाही?'

इव्हिनिंगला लागून मॉर्निंग लावायची नसते. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत रजेसाठी 30 टक्के जादा नर्सेस धरल्यात. त्या भरायच्या नाहीत आणि खड्डा दरवेळी कुणाच्यातरी ऑफने बुजवायचा.

पेशंटचं वाटपही तसंच. 1 ते 8 हिला, 9 ते 16 तिला. एकीकडे दोघांना नळीने अन्न (ट्यूबफीड), एकाला श्वासासाठी गळ्यात नळी (ट्रेकिऑस्टॉमी), एकाला ब्लड चालू. दुसरीकडे चार जण डिस्चार्जचे. बेड मोजता, काम कोण मोजणार? नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांच्या 2002 सालच्या पेनसिल्व्हेनियातल्या अभ्यासात नर्समागे एकेक पेशंट वाढला तशी बर्नआउटची शक्यता 23 टक्क्यांनी वाढलेली दिसली. आणि इथे मुली थकल्या की योगाचं सेशन, तेही ऑफच्या दिवशी, हजेरी सक्तीची! संताप होतो नुसता.

आणि तुमच्या त्या सगळ्यांसमोर ओरडण्याने तर पेशंटच्या जिवाशी खेळ होतो. इंजेक्शन पातळ करायच्या डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल सापडली (ते थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं), सिस्टरने स्वतः येऊन सांगितलं, तर राउंडमध्ये नातेवाइकांदेखत तिलाच झापलं. पुढच्या वेळी कोण सांगेल? अँप्यूल गुपचूप उचलली जाईल, सरमिसळ तशीच चालू राहील, आणि एखाद्या नाईटला घाईत तीच भरली जाईल. पोटॅशियमची अँप्यूल वॉर्डातून काढून फार्मसीत ठेवायची, ठेवावीच लागली तर वेगळ्या कुलपात, लाल लेबल लावून. हे करायला आवाज चढवावा लागत नाही.

रोस्टर पंधरा दिवस आधी लावा. नाईटच्या ब्लॉकनंतर दोन ऑफ द्या, आणि दिलेले परत घेऊ नका. आत्ता अकरा वाजलेत. फोन करा, तिचा ऑफ तिला परत द्या, आणि उद्या मॉर्निंगला माणूस कमी पडत असेल तर स्वतः उभ्या राहा.