परमवीर विरुद्ध पद्मश्री : हे भांडणच खोटं आहे

26 जानेवारी जवळ आली की एक मेसेज फिरायला लागतो. म्हणणं असं : सीमेवर जीव देणाऱ्याला नुसतं पदक, नट-खेळाडूंना मात्र पद्म पुरस्कारासोबत लाखो रुपये, पेन्शन, फुकट रेल्वे-विमान प्रवास, आणि वशिला नसलेल्या साध्या माणसाला कुणी विचारत नाही. सैनिकांबद्दल जीव तुटतो म्हणूनच लोक तो पुढे पाठवतात, हे मला कळतं. पण त्यातली माहिती चुकीची आहे.

आधी पैसा. पद्म पुरस्कारात रोख रक्कम नसते. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक, एवढंच. भत्ता नाही, प्रवासात सवलत नाही. उलट परमवीर चक्रासाठी केंद्र सरकार दरमहा भत्ता देतं. 2017 मध्ये तो 10 हजारांवरून 20 हजार झाला. रेल्वेचा मोफत पासही शौर्यपदकवाल्यांनाच मिळतो. 20 हजार कमी आहेत असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. राज्यं आपापली रक्कम वेगळी देतात आणि त्यात मोठा फरक असतो, एकाच लढाईतल्या दोन जवानांमध्येसुद्धा. ही तक्रार खरी आहे. ती मेसेजमध्ये नाही.

मानाचं म्हणाल, तर पदकं छातीवर लावण्याच्या सरकारी क्रमात परमवीर चक्र आणि अशोक चक्र दोन्ही पद्मविभूषणाच्या आधी येतात. त्यांच्या वर फक्त भारतरत्न. शिवाय 'पद्मश्री' नावाला जोडता येत नाही. हा किताब नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. निमंत्रणपत्रिकांवर सर्रास छापतात, ते चूकच.

आता साधा माणूस. अशोक चक्र 1952 मध्ये सुरू झालं ते रणांगणाबाहेरच्या शौर्यासाठी, आणि ते नागरिकांनाही मिळतं. 1986 मध्ये कराचीत विमान अपहरणात प्रवाशांना वाचवताना गेलेली नीरजा भनोत विमानात नोकरी करणारी मुलगी होती. आणि तुकाराम ओंबळे. साताऱ्याजवळच्या केडंबे गावचे, लष्करातून नाईक म्हणून निवृत्त होऊन मुंबई पोलिसांत आलेले. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. म्हणून बाकीच्यांना तो जिवंत पकडता आला. फौजी की नागरिक, त्यांना मेसेजच्या कोणत्या बाजूला बसवणार?

राहिला वशिला. यादीतलं प्रत्येक नाव मला पटतं असं नाही. पण अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी न चढता देशी बियाणं जपत राहिल्या, आणि 2020 च्या पद्मश्री यादीत त्यांचं नाव आलं. नामांकन कुणीही करू शकतं, ऑनलाइन. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर मेसेजऐवजी तो अर्ज भरा. त्या माणसाचं काम 800 शब्दांच्या आत लिहायचं असतं.