ब्लूटूथ बंद केलं की वायफाय दुप्पट होतं?

फिरणाऱ्या मेसेजचा मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: "फोनमध्ये वायफाय आणि ब्लूटूथला मिळून एकच चिप आणि एकच अँटेना असते. कंपन्या पैसे वाचवतात, भुर्दंड आपल्याला. ब्लूटूथ चालू असलं की वायफायचा वेग निम्मा होतो, मग २.४ गिगाहर्ट्झ असो की ५. ब्लूटूथ कायम बंद ठेवा, बॅटरीही वाचेल."

पहिलं वाक्य बऱ्याच फोनना लागू पडतं. घोटाळा पुढे आहे.

"एकच चिप, एकच अँटेना"

हे काही गुपित नाही. २०१० च्या आयफोन ४ मधली ब्रॉडकॉमची बीसीएम४३२९ ही चिप वायफाय, ब्लूटूथ आणि एफएम तिन्ही सांभाळणारी होती. पण चिप एक म्हणजे रेडिओ एक असं नव्हे. अशा चिपमध्ये दोघांचे सिग्नल घडवणारे आणि उलगडणारे भाग वेगळे असतात. सामाईक असते ती अँटेना, तिच्यापाशी बसवलेला स्विच आणि काही रचनांमध्ये आलेला सिग्नल वाढवणारा पहिला ॲम्प्लिफायर. हा ॲम्प्लिफायर सामाईक असेल तर दोघांना एकाच वेळी ऐकताही येतं. अडचण येते ती एकाला बोलायचं असतं तेव्हा. (ईएसपी३२ सारख्या छोट्या चिपमध्ये मात्र २.४ गिगाहर्ट्झचा खरोखर एकच रेडिओ आहे आणि तो दोघांत आळीपाळीने वाटला जातो. मेसेजमधलं वर्णन तिला चपखल बसेल.)

"पैसे वाचवायला अँटेना वेगळी देत नाहीत"

पैसे वाचतात, जागाही वाचते. पण वेगळी अँटेना दिली म्हणून भांडण मिटत नाही, हे आकडेमोड केली की दिसतं. वायफाय १८ डीबीएमने, म्हणजे साधारण ६३ मिलिवॅटने बोलतंय असं धरू. फोनच्या अंगावर दोन अँटेना कितीही लांब नेल्या तरी अंतर काही सेंटिमीटरच, त्यामुळे एकीतून दुसरीत जाताना सिग्नल २० डीबीच्या आसपास, म्हणजे शंभरपट, कमी होतो असं मानायला हरकत नाही. म्हणजे ब्लूटूथच्या कानाशी ०.६३ मिलिवॅटचा आवाज. त्याच वेळी त्याला ऐकायचा असतो इअरबडकडून येणारा −६० डीबीएमचा, म्हणजे १ नॅनोवॅटचा सिग्नल. सहा लाख पटींहून जास्त तफावत! ॲम्प्लिफायर जागीच गुदमरतो. फिल्टर लावून सुटका नाही, कारण दोघेही २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यात आहेत. म्हणून वेगळ्या अँटेना असलेल्या उपकरणांतही पाळ्या लावाव्या लागतात. भांडणाचं मूळ पट्ट्यात आहे. एका चिपमध्ये असल्याने उलट दोघांना एकमेकांचं वेळापत्रक आतल्या आत कळतं. चिप वेगळ्या असतील तर त्यासाठी दोन-तीन तारा जोडाव्या लागतात: एकीवर "मला हवा वापरायची आहे", दुसरीवर "काम किती निकडीचं", तिसरीवर "घे" किंवा "थांब".

"वेग निम्मा होतो"

कशामुळे, ते आधी ठरवायला हवं. ब्लूटूथ काळाचे ६२५ मायक्रोसेकंदांचे तुकडे करतं. एसबीसी या आवाज आटोपशीर करून पाठवण्याच्या पद्धतीने उत्तम दर्जाची गाणी ऐकताना सेकंदाला सुमारे ३४५ फ्रेम, म्हणजे आवाजाचे छोटे गठ्ठे, जातात, प्रत्येक ११९ बाइटची. पाच तुकड्यांच्या एका पॅकेटात अशा ५ फ्रेम मावतात, म्हणजे सेकंदाला ६९ पॅकेटं. प्रत्येकाला उत्तराचा एक तुकडा धरून ३.७५ मिलिसेकंद. गुणाकार केला की २५९ मिलिसेकंद, सेकंदाच्या २६ टक्के. इअरबडला ब्लूटूथचा सर्वांत वेगवान, ३ मेगाबिटचा प्रकार जमत असेल तर पॅकेटात ८ फ्रेम जातात आणि हिस्सा १६ टक्क्यांवर येतो. हे सिग्नल चांगला असताना. फोन मागच्या खिशात असेल तर शरीर सिग्नल अडवतं, पॅकेटं पुन्हा पाठवावी लागतात आणि आकडा चढतो.

म्हणजे गाणं चालू असताना २.४ गिगाहर्ट्झवर चतुर्थांश वेग जाणं अपेक्षितच आहे. मग काहींना निम्मा किंवा त्याहून कमी का दिसतो? बऱ्याचदा गोची राउटरशी होते. ब्लूटूथची पाळी चालू असताना राउटरने फोनला वायफायची फ्रेम (माहितीचा एक गठ्ठा) पाठवली, तर फोन पोच देत नाही. राउटरला ब्लूटूथचं काही ठाऊक नसतं. तो समजतो सिग्नल कच्चा आहे, आणि वेग उतरवून तीच फ्रेम पुन्हा पाठवतो. १५०० बाइटची फ्रेम ७२ मेगाबिटने १६७ मायक्रोसेकंदांत संपते. ७.२ मेगाबिटला उतरली की तिला १.६७ मिलिसेकंद लागतात. दहापट लांब फ्रेम ब्लूटूथच्या पुढच्या पाळीवर आदळण्याची शक्यता आणखी जास्त. ती आदळली की राउटर आणखी खाली. हे दुष्टचक्र टाळायला फोन पाळी सोडण्याआधी राउटरला "मी झोपतोय, माझा माल साठवून ठेव" असा छोटा निरोप धाडतो, किंवा ठरावीक वेळ हवा राखून ठेवणारी फ्रेम सोडतो. निरोप वेळेवर गेला तर नुकसान त्या चतुर्थांशाच्या आसपास राहतं. निरोप चुकला आणि राउटर वेग उतरवायला उतावीळ असला तर नळ आटतो. तोच फोन एका राउटरवर नीट आणि दुसऱ्यावर रडका का वाटतो, याचं हे एक नेहमीचं कारण.

दुसरं कारण अगदी साधं. ब्लूटूथ चालू आहे का हे बघायला लोक सेटिंगचं पान उघडतात आणि ते तसंच ठेवून स्पीड टेस्ट लावतात. त्या पानावर फोन नव्या उपकरणांचा शोध घेत असतो. एका शोधाची नेहमीची लांबी १०.२४ सेकंद, आणि तो हवेचा मोठा वाटा खातो. मोजला गेला तो या शोधाचा परिणाम.

"५ गिगाहर्ट्झवरही तेच"

नाही. अँटेनामागे डायप्लेक्सर नावाचा भाग २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे सिग्नल वेगळ्या वाटांना लावतो. पट्टे इतके दूर आहेत की इथे फिल्टर आपलं काम करतो. बहुतेक फोनमध्ये ५ वर वायफाय आणि २.४ वर ब्लूटूथ एकाच अँटेनातून एकाच क्षणी चालतात.

"कायम बंद ठेवा, बॅटरी वाचेल"

जोडलेलं पण गप्प बसलेलं घड्याळ घ्या. दर ५०० मिलिसेकंदांनी एक भेट ठरली असेल, तर ८० मायक्रोसेकंदांचं रिकामं पॅकेट, १५० ची उसंत, ८० चं उत्तर. सेकंदात ०.६२ मिलिसेकंद. एवढ्याने ना वायफाय अडतं ना बॅटरी बसते.

शिवाय बंद केलं म्हणजे बंद झालंच असं नाही. आयओएस ११ पासून कंट्रोल सेंटरमधलं बटण बहुतेक जोडण्या तोडतं, रेडिओ बंद करत नाही. अँड्रॉइडमध्ये लोकेशनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ स्कॅनिंग वेगळं चालू राहू शकतं. त्या बटणावर बोट ठेवून "फरक पडला" म्हणणाऱ्यांनी नेमकं काय बंद केलं होतं, हा प्रश्न उरतोच.

खरंच मोजायचं असेल तर इंटरनेटची स्पीड टेस्ट नको, तिथे कनेक्शनचीच मर्यादा आड येते. राउटरला केबलने जोडलेल्या संगणकावर आयपर्फ हे घरच्या जोडणीचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर चालवा, फोन दोन मीटरवर स्थिर ठेवा. ब्लूटूथ मुख्य सेटिंगमधून बंद, जोडलेलं पण शांत, आणि गाणं चालू, अशा तीन अवस्थांत प्रत्येकी ६० सेकंद. अवस्था आलटून पालटून पाच फेऱ्या, नाहीतर शेजारच्या राउटरची गर्दी निकालात मिसळते. मग सगळं ५ गिगाहर्ट्झवर पुन्हा.

२.४ वरच राहणं भाग असेल तर राउटरवर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर उड्या मारतं आणि २००३ च्या १.२ आवृत्तीपासून गजबजलेली चॅनेलं टाळू शकतं. २० च्या वायफायने त्यातली विसेक जातात, ४० ने जवळजवळ दुप्पट. आसपास वायफायची १, ६ आणि ११ ही तिन्ही चॅनेलं भरलेली असतील तर मोकळी उरतात सोळाच्या आसपास, आणि नियमाने किमान २० वापरावीच लागतात. अशा ठिकाणी आवाज तुटला तर फोनमधली सामाईक अँटेना नव्हे, गर्दी तपासा. लॅपटॉप असेल तर आधी यूएसबी ३ ची डिस्क किंवा हब काढून बघा. त्यांच्या ५ गिगाबिटच्या सिग्नलचा गोंगाट थेट २.४ गिगाहर्ट्झवर पसरतो, आणि माउस अडखळला की बोल मात्र ब्लूटूथला लागतो.