झोपेतल्या स्ट्रोकवर इंजेक्शन चालत नाही, हा मेसेज चुकीचा आहे

घोडबंदर रोडपासून कोपरखैरणेपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'झोपेत लकवा मारला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देत नाहीत, साडेचार तास उलटलेले असतात. धावपळ नको, सकाळी ओपीडीत दाखवा.' कृपा करून हा पुढे पाठवू नका. अशा उशिराने माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो.

साडेचार तासांची मर्यादा खरी आहे. पण झोपेतला झटका उठण्याच्या जरा आधीही आलेला असू शकतो. एमआरआयच्या एका चित्रात इजा दिसते आणि फ्लेअर नावाच्या दुसऱ्या चित्रात अजून उमटलेली नसते, तेव्हा झटका बहुधा ताजा असतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या 'वेक-अप' चाचणीत अशा रुग्णांना अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. ९० दिवसांनी त्यांच्यातले ५३ टक्के चांगले सावरले होते, औषध न मिळालेल्यांतले ४२ टक्के. मेंदूत रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, म्हणून सगळ्यांना देत नाहीत. ते डॉक्टरांना ठरवू द्या. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत नळी घालून गुठळी काढता येते.

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं दिसलं की लगेच १०८ ला फोन करा. शेवटचे ठीक कधी होते ते नक्की सांगा. पहाटे ४ वाजता पाणी प्यायला उठून नीट बोलले असतील, तर वेळ तिथून मोजतात. घरी अ‍ॅस्पिरिन मात्र देऊ नका, झटका रक्तस्रावाचाही असू शकतो.